जबडा दुखतो म्हणून तारा लावताय? या चुका टाळा

"डॉक्टर, तोंड उघडलं की कानापाशी कट्ट वाजतं, दुखतंही. दात वाकडे आहेत म्हणूनच ना? तारा लावून टाका." असं म्हणणारे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. दातांना तारा लावणं हेच माझं काम आहे, तरी यांना मी लगेच हो म्हणत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट न बसणं, म्हणजे बाइट बिघडणं, ही एक तक्रार. कानापुढच्या जबड्याच्या सांध्याचं दुखणं ही दुसरी. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांध्याच्या आणि कानाच्या तक्रारींचं खापर बाइटवर फोडलं, आणि ती समजूत अजून पुसली गेलेली नाही. पुढे १९८७ मध्ये मिशिगनमधल्या एका खटल्यात बरोबर उलटा आरोप झाला, की तारांमुळेच सांधा बिघडला. ज्युरीने निकाल पेशंटच्या बाजूने दिला. त्यानंतर या प्रश्नाचा भरपूर अभ्यास झाला. तारांमुळे सांध्याचा आजार होतो असं काही त्यातून सिद्ध झालं नाही, आणि तारा लावल्या की तो बरा होतो असंही नाही.

म्हणून आधी दुखणं शांत करायचं, मग दातांकडे वळायचं. आखडलेले स्नायू जबडा थोडा बाजूला ओढतात. अशा वेळी घेतलेलं दातांचं माप दुखणं गेल्यावर जुळत नाही. आणि दुखतंय म्हणून मशीनने दात झिजवून बाइट जुळवून घ्यायला तर मुळीच तयार होऊ नका. झिजवलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येत नाही.

नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं? मग उपचार नकोत. सांध्यातली चकती जागेवर सरकताना तो आवाज होतो. मात्र रोज वाजणारा जबडा एके दिवशी वाजायचा थांबला आणि तोंड अर्धंच उघडायला लागलं, तर थांबू नका. घरी पाहायची सोपी खूण म्हणजे आपलीच मधली तीन बोटं, उभी धरून, पुढच्या दातांमध्ये जायला हवीत.

बोटं जात नसतील तर दोष सांध्याचाच असतो असंही नाही. विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणारी तरुण मुलं "जबडा धरलाय" म्हणून येतात. गाल आतून पांढुरके आणि ताठ झालेले असतात, साध्या तिखट भाजीनेही तोंडाची आग होते. हा सुपारीने होणारा आजार आहे, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा हातात आहेच. इथे तारा किंवा जबड्याचा मसाज करण्यात महिने घालवू नका. सुपारी आजच सोडा आणि तोंडाच्या आजारांच्या तज्ज्ञाला गाल दाखवा.

साध्या दुखण्यात घरची काळजी खूप काम करते. मोबाइल बघताना, गाडी चालवताना दातावर दात दाबलेले असतात, आणि ते आपल्याला कळतही नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची जागा. दोन-तीन आठवडे खिचडी, मऊ भात खा, भाकरी दुधात कुस्करून घ्या. गरम शेक द्या. ऊस, चिक्की, च्युइंगम बंद. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. जबडा मुद्दाम कडकड वाजवून मोकळा करू नका.

तारा चालू असताना सांधा दुखायला लागला तर पेशंट वरच्या-खालच्या तारांमध्ये अडकवायचे रबर गुपचूप काढून ठेवतात, किंवा राहिलेली कसर भरायला एकदम दोन-दोन लावतात. दोन्ही चुकीचं. फोन करा. रबराचा जोर कमी करता येतो, उपचार काही दिवस थांबवताही येतो.

लहान मुलांच्या बाबतीत "दुधाचे दात पडू देत, मग बघू" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. सातव्या वर्षी एकदा तपासणी करून घ्या. खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, किंवा तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर वाट पाहण्यात वाढीची वर्षं जातात. वाढत्या वयात जबड्याच्या वाढीचीच मदत घेता येते. पुढे फरक मोठा असेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

आणि मोठ्या माणसाचे, वर्षानुवर्षं एकमेकांना नीट मिळणारे पुढचे दात हल्ली मिळेनासे झाले असतील, तर आधी सांध्याचा स्कॅन करून घ्या. सांध्याचं हाड झिजत असेल तर फट वाढत जाते, आणि झीज थांबण्याआधी लावलेल्या तारा वाया जातात. येताना लग्नातला एखादा हसरा फोटो आणा. तेव्हा दात कसे होते हे त्यात दिसतं.