मुलाच्या तिरळेपणात तिरक्या स्नायूंची घरगुती पाहणी कशी करावी

डोळा हलवणाऱ्या सहा स्नायूंपैकी दोन तिरके असतात. त्यांतला खालचा गरजेपेक्षा जास्त ओढू लागला, तर डोळा नाकाकडे वळताना वर चढतो, पण समोर पाहताना हा दोष अनेकदा लक्षातही येत नाही. म्हणून ओसरीवर, सकाळच्या स्वच्छ उजेडात, एकाने मुलाचे डोके हलकेच स्थिर धरावे आणि दुसऱ्याने हातभर अंतरावरून खेळणे डोळ्यांच्या पातळीत सावकाश डावी-उजवीकडे न्यावे. नाकाकडे आलेले बुबुळ दुसऱ्याहून वर जाऊन त्याखालचा पांढरा भाग जास्त दिसला, तर ती खूण समजावी. ते खाली घसरले, तर संशय वरच्या तिरक्या स्नायूवर घ्यावा. याचे मोबाइलवर चित्रीकरण करावे. जुन्या फोटोंत मान सतत एकाच खांद्याकडे कललेली आहे का, हेही पाहावे, कारण वरचा तिरका स्नायू दुबळा पडल्यानेही खालचा शिरजोर होतो आणि मूल मान कलती धरते.

तिरळेपणाला भाग्याचे लक्षण मानून थांबणे मला धोक्याचे वाटते. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील नेत्र विभागात लवकर दाखवावे. चष्म्याने वा पट्टीने नजर सुधारू शकते, स्नायूची ओढ कमी करायला मात्र बहुधा शस्त्रक्रियाच लागते.