घटस्फोटानंतर दोघांच्या नावावरचा फ्लॅट वाटून घेताय? या चुका टाळा

डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम, हातात आली की वाटतं सुटलो एकदाचे, आणि मग काही महिन्यांनी बँकेचा फोन येतो की हप्ता थकलाय, कारण कर्जावर तुमचं नाव अजून तसंच आहे. संसार मोडताना माणूस आधीच इतका थकलेला असतो की घराचं नंतर बघू म्हणतो. प्लीज नंतरवर टाकू नका. फ्लॅटची मालकी, बँकेचं कर्ज आणि सोसायटीचं रेकॉर्ड ही तीन वेगळी कामं आहेत, एक झालं म्हणून बाकीची दोन आपोआप होत नाहीत.

सगळ्यात जास्त लोक कर्जात अडकतात. संमतीच्या अटींमध्ये, म्हणजे दोघांनी ठरवून कोर्टात दिलेल्या समझोत्यात, लिहिलेलं असतं की यापुढचे हप्ते नवरा भरेल, कोर्टाने ते मान्यही केलेलं असतं, पण बँक त्या कराराचा भाग नसते त्यामुळे तिच्यासाठी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार राहतात, निम्म्या निम्म्या नाही, पूर्ण. समोरच्याने हप्ते चुकवले की सिबिल स्कोअर तुमचाही पडतो आणि तुम्ही स्वतःसाठी वन बीएचके घ्यायला गेलात की नवीन लोन अडतं. म्हणून सही करायच्या आधीच बँकेत जाऊन विचारा की जो घर ठेवणार आहे त्याच्या एकट्याच्या पगारावर हे लोन बसतंय का. बसत असेल तर सहकर्जदाराचं नाव कमी करून घ्या किंवा लोन दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर न्या. बसत नसेल तर भावनेच्या भरात घर ठेवायचा हट्ट नको, विकून कर्ज फेडून उरलेलं वाटून घेणं बरं.

दुसरी मोठी चूक म्हणजे हक्क सोडल्याचं स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करून घेणं. नोटरीने फ्लॅटचा हिस्सा ट्रान्सफर होत नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्टर केलेलंच हक्कसोडपत्र लागतं. आणि इथे खर्चाचा मुद्दा येतो जो बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. महाराष्ट्रात अगदी नाममात्र शुल्कात होणारं हक्कसोडपत्र हे वडिलोपार्जित मिळकतीसाठी आहे, दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटला सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारभावावर खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं. मोबदला न घेता हिस्सा द्यायचा असेल तर नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र करता येतं, त्याला मूळ शुल्क २०० रुपये आहे (शहराप्रमाणे वर अधिभार लागू शकतो, ऑफिसात विचारून घ्या). पण घटस्फोट झाला की कायद्याने ते नातं संपतं, मग ही सवलतही नाही, म्हणून हे डिक्रीच्या आधी ठरवायला हवं. फ्लॅट बँकेकडे गहाण असेल तर आधी बँकेची एनओसी लागेल. आणि पैसे घेऊन बक्षीसपत्र करू नका, मोबदला आला की ते बक्षीसपत्र राहतच नाही.

संमतीच्या अटींत फ्लॅटचा नुसता उल्लेख करून भागत नाही हेही लक्षात ठेवा. मूळ अर्जात फ्लॅट वादाचा विषय म्हणून आलेला नसेल तर त्या डिक्रीलाही रजिस्ट्रेशन लागू शकतं, त्यामुळे वकिलांना सांगून फ्लॅट नंबर, बिल्डिंग, सीटीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक), कोणी किती पैसे कधीपर्यंत द्यायचे, हक्कसोडपत्र कोणत्या तारखेपर्यंत करायचं, सगळं पहिल्या अर्जातच घाला.

हिस्सा नेहमी अर्धा अर्धाच असतो असंही धरून चालू नका. खरेदीखतात काही लिहिलेलं नसेल तर कोणी किती पैसे घातले त्यावर हिस्सा ठरू शकतो आणि पुरावाच नसेल तर समान धरतात. म्हणून डाऊन पेमेंटचं आणि ईएमआयचं बँक स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवा, बायकोच्या बाबांनी दिलेले पैसे असतील तर त्याचाही कागद शोधा. घरखर्च बायकोने उचलला आणि ईएमआय नवऱ्याच्या खात्यातून गेला असं असंख्य घरांत असतं, तिचं योगदान कागदावर दिसत नाही आणि हे मला खरंच फार अन्यायाचं वाटतं, म्हणून किराणा, शाळेची फी, मेंटेनन्स यांच्या नोंदीही वकिलांना दाखवा.

गोव्यात लग्न झालेलं असेल तर चित्रच वेगळं आहे. तिथल्या नागरी संहितेनुसार लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर साधारणपणे दोघांच्या मिळकतीत दोघांचा निम्मा वाटा असतो, घर एकाच्या नावावर असलं तरी. तिथलाच वकील गाठा.

रागाने कुलूप बदलून बायकोला बाहेर काढणं हा तर थेट गुन्ह्याच्या वाटेवर नेणारा प्रकार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो.

आता अडकलाच असाल तर. समोरचा सही करायला येतच नाही, फोन उचलत नाही, अशा वेळी डिक्रीत हक्कसोडपत्र करून द्यायचं स्पष्ट लिहिलेलं असेल तर अंमलबजावणीचा अर्ज करा, कोर्ट त्याच्या वतीने सही करायला अधिकारी नेमू शकतं. डिक्रीत फ्लॅटबद्दल काहीच नसेल तर वाटणीचा दावा लावावा लागेल, नवरा-बायकोच्या मिळकतीचे वाद कौटुंबिक न्यायालयातही चालतात. फ्लॅटचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे १८९३ च्या वाटणी कायद्याखाली कोर्ट विक्रीचा आदेश देऊ शकतं आणि एकाने विक्री मागितली तर दुसऱ्याला त्याचा हिस्सा ठरलेल्या किमतीत विकत घेता येतो. परदेशात असाल तर रजिस्ट्रेशनसाठी तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित कुलमुखत्यारपत्र पाठवा, साध्या व्हॉट्सॲपवरच्या होकारावर कोणतंच ऑफिस काम करत नाही. आणि रजिस्ट्रेशन झालं की त्याच आठवड्यात इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) घेऊन सोसायटीत अर्ज टाका, शेअर सर्टिफिकेटवरचं नाव, प्रॉपर्टी टॅक्स आणि लाईट बिल बदलून घ्या.