रुग्णवाहू हेलिकॉप्टरचे इंजिन दगा देते तेव्हा: या चुका टाळा

२६ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात मॉस्बी गावाजवळ एका रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात नेणारे एएस ३५० जातीचे, एकच इंजिन असलेले हेलिकॉप्टर कोसळले आणि वैमानिक, नर्स, पॅरामेडिक व रुग्ण असे चौघेही मृत्युमुखी पडले. इंधन संपल्यामुळे इंजिन बंद पडले होते, आणि तेही जिथे इंधन भरायचे ठरले होते तो विमानतळ जेमतेम दोन किलोमीटरवर आलेला असताना. हवेतील इंजिनाच्या बिघाडाविषयी बोलताना मी या अपघातापासून सुरुवात करतो, कारण टाळता येण्याजोग्या बहुतेक चुका त्यात एकापाठोपाठ एक दिसतात.

इंधनाचा हिशेब रुग्णाच्या निकडीवर सोडणे

टाकीत अपेक्षेपेक्षा बरेच कमी इंधन आहे, हे त्या वैमानिकाला रुग्णाला घ्यायला उतरल्यावर कळले होते. त्याने ते नियंत्रण कक्षाला सांगितलेही. मात्र अशी माहिती वरिष्ठ तज्ज्ञाकडे पोहोचलीच पाहिजे, असा नियम त्या कंपनीत नव्हता. पुढे इंधनासाठी निवडलेला विमानतळ मुक्कामाच्या रुग्णालयापेक्षा काही मैलच अलीकडे होता. रुग्ण स्ट्रेचरवर तयार असताना ‘थांबा’ म्हणणे किती कठीण असते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच उड्डाणाला सर्वांचा होकार लागतो आणि थांबायला एकाचा नकार पुरतो, हा संकेत पाळला पाहिजे. रुग्ण किती गंभीर आहे, त्याचे वय काय, हे वैमानिकाला निर्णयाआधी न सांगण्याची पद्धत अनेक सेवांमध्ये आहे आणि ती मला अत्यंत योग्य वाटते.

दोन इंजिने आहेत म्हणून निर्धास्त राहणे हीसुद्धा चूकच आहे. २९ नोव्हेंबर २०१३ रोजी ग्लासगो शहरात पोलिसांचे ईसी १३५ हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर कोसळून दहाजणांचा बळी गेला. ते रुग्णवाहू नव्हते, पण याच जातीची हेलिकॉप्टरे रुग्णसेवेत जगभर वापरली जातात. मुख्य टाकीत सत्तर किलोंहून अधिक इंधन शिल्लक होते; ते इंजिनांना पुरवणाऱ्या टाक्यांत नेणारे पंप मात्र बंद होते, आणि त्यामुळे दोन्ही इंजिने पाठोपाठ थांबली. इंधन कमी असल्याचा इशारा मिळाल्यावर दहा मिनिटांत उतरावे, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते.

इशाऱ्याच्या दिव्याचा अर्थ आपल्या सोयीने लावणे

इशाऱ्याचा दिवा लागल्यावर काय करायचे यासाठी उड्डाण-पुस्तिकेत ‘ताबडतोब उतरा’, ‘शक्य तितक्या लवकर उतरा’ आणि ‘सोयीच्या जागी लवकर उतरा’ अशा तीन वेगळ्या आज्ञा असतात. घाईत तिसरी आज्ञा दुसरीच्या जागी वाचली जाते आणि रुग्णालय हीच ‘सोयीची जागा’ ठरते. तेलातील लोखंडी कण चुंबकाला चिकटून लागणारा चिप-दिवा कधी साध्या बारीक भुकटीने लागतो, तर कधी आतले बेअरिंग झिजत असल्यामुळे. आकाशात या दोहोंतला फरक कोणालाच सांगता येत नाही.

इंजिन थांबल्यावरचे पहिले क्षण

एका इंजिनाचे हेलिकॉप्टर शक्ती गमावते तेव्हा मुख्य पंख्याचे फेरे झपाट्याने घसरू लागतात. डाव्या हातातील कलेक्टिव्ह नावाचा दांडा लगेच खाली करून पात्यांचा कोन कमी केला, तरच खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते; यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. वेगात सरळ जात असताना एवढेच करून भागत नाही, त्याच वेळी सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टरची दिशा व कल ठरवणारी समोरची दांडी, मागे ओढावी लागते. मॉस्बीच्या वैमानिकाला ऑटोरोटेशन साधता आले नाही, आणि प्रवासाच्या वेगात इंजिन थांबण्याचा सराव प्रशिक्षणात झालेला नव्हता, ही त्रुटी तपासात नोंदवली गेली. कमी वेगात, आधी सांगून केलेला सराव पुरेसा आहे असे मानणे ही मला या यादीतील सर्वांत घातक चूक वाटते, कारण ती दर सहामाहीच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही लपून राहू शकते.

दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरात एक थांबले की दुसऱ्यावर भार येऊन त्याच्या मापकांचे काटे वर चढतात. ते पाहून चांगलेच इंजिन बिघडले असे वाटू शकते. म्हणून वेग व पंख्याचे फेरे सावरल्यावरच, काटे पुन्हा वाचून मग कोणत्याही इंजिनाला हात लावावा.

केबिनमध्ये आणि उतरल्यावर

वैमानिक हेलिकॉप्टर सावरत असताना ‘काय झाले?’ असे विचारत राहू नये. छातीवर दाब देणारी व्यक्ती बहुधा पट्ट्याशिवाय असते. तिने ते काम थांबवून आसनावर बसून पट्टा बांधावा, हे ऐकायला कठोर वाटले तरी तसेच करावे लागते. रुग्णाच्या खांद्यांवरचे पट्टे, मॉनिटर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर पक्के आहेत का, हे उड्डाणापूर्वीच पाहिलेले असावे, कारण त्या वेळी पाहायला सवड मिळत नाही. जमिनीवर आल्यावर पाती पूर्ण थांबेपर्यंत किंवा वैमानिक सांगेपर्यंत कोणी बाहेर पडू नये. उतार असेल तर चढाच्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ असतात, त्यामुळे तिकडून कधीही जाऊ नये.

नियंत्रण कक्षाने, दिवा लागल्याचे कळताच, उतरण्याच्या जागेकडे रस्त्याने जाणारी रुग्णवाहिका रवाना करावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांक आहे. पुढचा प्रवास त्या गाडीतून व्हावा. शेतात उतरल्यावर दिवा आपोआप विझला, तरी अभियंत्याने चुंबकावरचे कण तपासेपर्यंत ते हेलिकॉप्टर रुग्णासह किंवा रुग्णाशिवाय पुन्हा उचलू नये.