‘शेर्शे’ वापरताना या चुका टाळा

‘शेर्शे म्हणजे शोधणे’ एवढं पाठ करून फ्रेंचच्या पुढच्या धड्याकडे धावणाऱ्यांची घाई इथेच नडते.

सर्वांत नडणारी चूक आपल्या मराठीतूनच येते. ‘मी घर शोधलं’ म्हटलं, की ते मिळालं असंच आपण बहुतेकदा समजतो. फ्रेंचमध्ये ‘झे शेर्शे अँन् आपार्तमाँ’ म्हणजे नुसती शोधाशोध केली. फ्रान्समधल्या लियाँ शहरात शिकायला गेलेल्या मुलीने घर मिळाल्याच्या आनंदात हे वाक्य म्हटलं, तर समोरचा काळजीने विचारणार, ‘ए अलॉर?’ म्हणजे ‘मग, पुढे?’ तिला म्हणायचं असतं ‘झे त्रुवे’, म्हणजे ‘मला सापडलं’. म्हणून बोलण्याआधी मराठी वाक्यात ‘सापडलं’ घालून पाहा. ते बसलं, तर क्रियापद ‘त्रुवे’च.

दुसरा घोळ ‘ला’चा. ‘मी मीराला शोधतोय’ यातला ‘ला’ फ्रेंचमध्ये नेऊ नका. ‘झ शेर्श मीरा’, मध्ये काही नाही. ‘तिला शोधतोय’ म्हणजे ‘झ ला शेर्श’; इथे ‘तिला’साठी ‘ल्वी’ चुकीचं. शेर्शेपुढे ‘आ’ येऊन त्यानंतर मूळ रूपातलं क्रियापद आलं, तर अर्थच बदलतो: ‘शेर्शे आ कॉंप्राँद्र’ म्हणजे समजून घ्यायचा प्रयत्न करणे.

इंग्रजी ‘लुक फॉर’च्या सवयीने ‘पूर’ (‘साठी’) जोडणंही तसंच चूक. ‘झ शेर्श मे क्ले’, किल्ल्या शोधतोय, संपलं.

‘झ वे शेर्शे लेझाँफाँ’ ऐकून मुलं हरवली असं समजू नका. बोलणारा त्यांना शाळेतून आणायला निघालाय. ‘स्टेशनवर तुला घ्यायला येतो’ हेसुद्धा ‘झ व्यँ त शेर्शे आ ला गार’. ‘आणणे’साठी शब्दकोश उघडण्याआधी ‘जाणे’ किंवा ‘येणे’ आणि ‘शेर्शे’ ही जोडी आठवावी. रोजच्या बोलण्यात ती सतत लागते.

लिहिताना मात्र कान दगा देतो. शेवटी ई-आर, ई-झेड किंवा डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई, तिन्हींचा उच्चार ‘शेर्शे’च. त्या जागी ‘विकणे’ घालून पाहा: ‘वाँद्र’ (विकणे) बसलं तर ई-आर, ‘वाँद्यू’ (विकलेलं) बसलं तर रेघवाला ई, आणि कर्ता ‘वू’ (तुम्ही) असून ‘वाँदे’ बसलं तर ई-झेड. फ्रान्समधली शाळकरी मुलंही असंच क्रियापद बदलून ताळा करतात. अंदाजाने लिहिण्यापेक्षा यात दोन सेकंद जास्त जातात, ते द्यावेत.

चिडलेल्या सुरात ‘त्यू म शेर्श?’ ऐकू आलं, तर तो माणूस ‘माझी खोडी काढतोस का?’ विचारतोय.