पान एक लावताना या चुका टाळा

दैनिकाचं पहिलं पान पुष्कळ जण उभ्याउभ्याच वाचतात: टपरीवर, दुकानाच्या ओट्यावर, शेजाऱ्याच्या हातातल्या अंकावरून. त्यांच्यापर्यंत पोचतं ते घडीच्या वरचं अर्धं पान. आतली बातमी कितीही नेटकी असो, त्यांना कळतं ते शीर्षकापुरतंच. ज्या इंदूरनं आपल्या राहुल बारपुत्यांच्या आणि राजेंद्र माथुरांच्या, अशा संपादकांच्या हातची 'नई दुनिया' वाचली, तिथल्या हिंदी दैनिकांच्या डेस्कवर आज मराठी घरांतली बरीच मुलंमुली बसतात. त्यांना एकच कसोटी सांगावीशी वाटते: वरचं अर्धं पान पाहून निघून जाणाऱ्याची फसवणूक होत नाही ना?

मृतांचा आकडा मथळ्यात ठोकणं

३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या पटेलनगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरचं, छत खचलं. त्या संध्याकाळी हाती आलेला आकडा आणि अखेरचा ३६ यांत फार अंतर होतं. रात्रभर मृतदेह निघत होते. अशा रात्री पान वेळेवर सोडावंच लागतं. मग मोठ्या टाइपात गेलेला नुसता आकडा सकाळी अंक दारात पडेपर्यंत खोटा ठरलेला असतो. म्हणून मथळ्यात घटना ठेवा: 'बावडीचं छत कोसळलं, बचावकार्य सुरूच'. आकडा उपशीर्षकात, 'किमान' लावून, आणि तो कधीचा ते लिहून: 'रात्री १ वाजेपर्यंत'. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, आधी निघत असेल तर ही वेळ छापायलाच हवी. खरगोनचा भाऊ आणि इंदूरचा भाऊ सकाळी फोनवर बोलतात तेव्हा दोघांच्या अंकांत दोन आकडे असतात आणि कुठला खरा हे दोघांनाही कळत नाही.

डेडलाइन अलीकडे आली की हीच चूक निवडणुकीतही होते. १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी, छापखान्यातल्या संपामुळे 'शिकागो डेली ट्रिब्यून'ला पान लवकर सोडावं लागत होतं. ३ नोव्हेंबरच्या अंकात ड्यूईंनी ट्रुमनना हरवल्याचा मथळा गेला. निवडून आले होते ट्रुमन. मतमोजणी चालू असेल तर मथळाही 'मतमोजणी चालू' असाच असू द्या. फिका वाटला तरी चालेल.

पोलिसांचं म्हणणं आपलं म्हणून छापणं

मला सगळ्यांत घातक वाटते ती ही चूक. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत लिव्हरपूल फुटबॉल संघाचे पाठीराखे चिरडले गेले. मृतांची संख्या पुढे ९७ वर गेली. चारच दिवसांनी ब्रिटनच्या 'द सन'नं पाठीराख्यांनीच मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, असे पोलिसांकडून आलेले आरोप पान एकवर छापले आणि वर भलामोठा मथळा दिला: 'सत्य'. आरोप खोटे होते. दैनिकानं २०१२ मध्ये पान एकवर माफी मागितली, तरी लिव्हरपूलमधले अनेक दुकानदार अजूनही तो अंक विकायला ठेवत नाहीत. आपल्याकडे रोज येणाऱ्या चेन ओढल्याच्या नि चाकूबाजीच्या बातम्यांतही हाच धोका आहे. अटक झालेला माणूस 'चोर' नाही, 'संशयित' आहे. 'पोलिसांचा दावा' हे दोन शब्द बातमीच्या चौथ्या परिच्छेदात असून उपयोग नाही, ते मथळ्यातच हवेत. जागा कमी पडत असेल तर विशेषण कापा.

अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव न छापणं एवढंच पुरेसं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल दोन्ही लक्षात ठेवा: ओळख पटेल असा कुठलाच तपशील नको. मोहल्ला, शाळा आणि वडिलांचा धंदा एकत्र छापला की रामबागेसारख्या वस्तीत सगळ्यांना कळतं.

बातमीच्या वेशातली जाहिरात

जानेवारी २०२५ मध्ये केरळातल्या अनेक दैनिकांनी पहिल्या पानाच्या जागी एक जाहिरात छापली. ती भविष्यातल्या बातम्यांच्या रूपात होती. १ फेब्रुवारीपासून कागदी नोटा बंद, असा मथळा त्यात होता. पुष्कळ वाचकांनी तो खरा मानला. त्यांची काही चूक नव्हती. दैनिकाची नावपट्टी ओळखीची, मांडणी ओळखीची. जॅकेट, म्हणजे पहिल्या पानाच्या जागी असं जाहिरातीचं पान, घ्यावंच लागलं तर आपला मथळ्याचा फाँट जाहिरातदाराला देऊ नका, तारखेची ओळ लावू नका, आणि 'जाहिरात' हा शब्द नावपट्टीला लागून, चश्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा छापा. मार्केटिंगशी यावरून वाद होईल. तो रात्री नको, दुपारच्या मीटिंगमध्ये घाला.

जे पान एकवर येतच नाही

भोपाळच्या कारखान्याबद्दल राजकुमार केसवानी १९८२ पासून आपल्या 'रपट' साप्ताहिकात इशारे देत होते, जून १९८४ मध्ये त्यांनी 'जनसत्ता'तही लिहिलं. डिसेंबरात गॅस सुटली. बेलेश्वरच्या बाबतीतही रहिवाशांच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या, महापालिकेनं नोटीसही दिली होती. कुणी मेलेलं नसतं तोवर अशी बातमी आतल्या पानावर सिंगल कॉलम जाते. स्वच्छतेत इंदूर पहिलं आलं की आठ कॉलम जरूर द्या, पण आठवड्यातून एक दिवस अँकरची, म्हणजे पान एकच्या तळाच्या बातमीची, जागा एखाद्या नोटिशीसाठी, तक्रारीसाठी राखून ठेवा.

एवढं करूनही चूक झालीच, तर खुलासा त्याच पानावर, घडीच्या वर छापा. खोटा मथळा त्यात पुन्हा छापू नका. खरी माहिती आधी, मग काय चुकलं होतं ते एका वाक्यात. आणि ई-पेपरही त्याच दिवशी दुरुस्त करा, दुरुस्त केल्याची ओळ टाकून, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तेच पान पुढे कित्येक महिने फिरत राहतं.