वर्षाच्या घरी लक्ष्मी: गूढ शब्दकोडं सोडवताना या चुका टाळा

साध्या शब्दकोड्यात क्ल्यू म्हणजे सरळ प्रश्न असतो. ‘चाकर’ असं दिलं की आपण गडी, नोकर, दास आठवायचे आणि घरं मोजायची. गूढ कोड्यात एकाच वाक्यात दोन गोष्टी असतात. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांतून कसं घडवायचं याची कृती असते. बहुतेक चुका होतात त्या हे विसरल्यामुळे.

हा क्ल्यू बघा, कंसातला आकडा उत्तराच्या घरांचा: ‘नेहमी उलटणारा चाकर (२)’. पूर्वी असाच एक क्ल्यू आला, तेव्हा मी घाईने पेनाने ‘गडी’ लिहून टाकलं. अर्थ बसत होता, घरंही दोनच होती. मग वरचा डावा कोपरा तासभर हलेना, कारण ‘गडी’ या शब्दात ‘नेहमी’ आणि ‘उलटणारा’ कुठेच नव्हते. नेहमी म्हणजे सदा. सदा उलटं वाचा: दास. अर्थ जुळला की उत्तर मिळालं, हा समज पहिल्यांदा सोडा. क्ल्यूमधल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब लागेपर्यंत पेन्सिलच हातात असू द्या.

दुसरी चूक थोडी खोल आहे आणि ती खास मराठीची आहे. ‘वर्षाच्या घरी लक्ष्मी सारखी (३)’ हे वाचलं की वर्षा नावाची बाई आणि तिच्याकडे सतत येणारी लक्ष्मी डोळ्यांसमोर उभी राहते. कोडेकाराला तेच हवं असतं. आता विभक्ती काढून बघा. ‘वर्षाच्या’ हे रूप फक्त ‘वर्षा’चंच असतं का? व्याकरणाने ते ‘वर्षेच्या’ व्हायचं, पण विशेषनाम असल्यामुळे आपण ‘वर्षाच्या’ म्हणतो, आणि ‘वर्ष’ या शब्दाचं रूपही तेच. वर्ष म्हणजे सन. लक्ष्मी म्हणजे मा, जशी ती ‘माधव’मध्ये आहे. सनाच्या घरात मा बसली की होतं समान, आणि ‘सारखी’चा अर्थ सतत नसून समान. सामान्यरूपाच्या आड दोन शब्द एकच मुखवटा घालतात, म्हणून अडलं की प्रत्येक शब्दाचं मूळ रूप कागदाच्या समासात लिहून काढावं. मला याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच युक्तीचा झाला नाही.

इंग्रजी गूढ कोड्यांवर हात बसलेले लोक मराठीकडे आले की एक सवय सोबत आणतात. तिथे अक्षरं सुटी असतात, कुठलंही कुठेही जातं. आपल्याकडे एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे ‘बिथरलेला नवरा झाडावर उड्या मारणारा (३)’ या क्ल्यूचं उत्तर ‘वानर’ आहे असं कोणी सांगितलं, तर मी ते मान्य करणार नाही. न, व, रा ही अक्षरं कशीही फिरवा, वानर होत नाही. त्यासाठी ‘रा’चा काना काढून ‘व’ला द्यावा लागतो आणि क्ल्यूने तसं कुठेच म्हटलेलं नाही. ‘बिथरलेला, काना हललेला नवरा’ असं लिहिलं असतं तर तक्रार नव्हती. ह्रस्व-दीर्घाचंही तेच. आडव्या शब्दात ‘नदी’ आणि त्याच घरातून उभा ‘दिवस’ जात असेल, तर दोन्हींपैकी एक उत्तर चुकलेलं आहे किंवा कोडेकार चुकला आहे. ‘चालतंय’ म्हणून पुढे जाऊ नका.

लपवलेल्या शब्दांत फारसं अवघड काही नसतं, फक्त शब्दांमधली मोकळी जागा विसरता आली पाहिजे. ‘कोकण गीतात दडलंय धान्याचं भांडार (३)’. कणगी.

आता टीकेकडे. क्ल्यू सुटला नाही म्हणून तो वाईट ठरत नाही, आणि चटकन सुटला म्हणून चांगलाही ठरत नाही. इंग्लंडमधले कोडेकार ए. एफ. रिची, टोपणनाव आफ्रिट, यांनी १९४९ मध्ये याचा निकष घालून दिला. त्याचा आशय असा: मी बोलतो ते मला अभिप्रेत असलंच पाहिजे असं नाही, पण मला जे अभिप्रेत आहे ते मी बोललंच पाहिजे. म्हणजे फसवायला मुभा आहे, खोटं सांगायला नाही. ‘ऑब्झर्व्हर’ या इंग्रजी वृत्तपत्रात १९७२ पासून अनेक दशकं अझेड या नावाने कोडी दिलेल्या जोनाथन क्राउदर यांनी तर वाचकांकडून क्ल्यू मागवायचे आणि त्यांवर लेखी टिपण पाठवायचं, अशी स्पर्धाच चालवली. टीका हा सोडवण्याइतकाच या खेळाचा भाग आहे.

निकष लावून बघू. ‘वेडंवाकडं सरकत केलेला व्यायाम (४)’. ‘सरकत’ची अक्षरं वेडीवाकडी केली की कसरत. ‘केलेला’ म्हणजे त्यापासून बनवलेला. एकही शब्द वाया गेलेला नाही. हाच क्ल्यू ‘वेडंवाकडं सरकत पहाटे बागेत केलेला व्यायाम’ असा लिहिला, तर वाक्य जास्त डौलदार होतं, पण पहाट आणि बाग उत्तरात काहीच करत नाहीत. सोडवणारा त्यांच्यामागे उगाच धावतो. आणि ‘वेडंवाकडं घसरत केलेला व्यायाम’ लिहिलं तर ते सगळ्यात वाईट: आधी ‘घसरत’वरून ‘सरकत’ ओळखा आणि मग न दिसणारी अक्षरं फिरवा. याला मी अवघड म्हणणार नाही, अन्याय्य म्हणेन.

म्हणून कोडेकाराला लिहायचं झालं तर ‘फार कठीण होतं’ असं मोघम लिहू नका. कुठला शब्द बिनकामाचा उरला, किंवा कुठलं अक्षर कशातूनच आलं नाही, तेवढंच नेमकं लिहा. ‘देव देतो, मुलीचा बाप शोधतो (२)’ यात तुम्हाला असं काही सापडलं तर जरूर दाखवा. यात कृतीऐवजी एकाच शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत, आणि ‘वर’ लिहून झाल्यावर मला तरी सापडलेलं नाही.