विद्यापीठाने शिफारसपत्र मागितले, तर त्याचा अर्थ कसा लावावा आणि पुढे काय करावे

अमेरिकेतील प्रवेशासाठी मोठी चुरस असलेल्या विद्यापीठाकडे अर्ज गेल्यानंतर काही आठवड्यांनी शिफारसपत्रे पाठवण्याचे निमंत्रण आले, की घरात दोन तर्क सुरू होतात. कोणी म्हणते, आता प्रवेश झाल्यातच जमा आहे. कोणी म्हणते, अर्जात काहीतरी कमी पडले असणार. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आणि पुण्या-मुंबईहून अर्ज करणाऱ्या मुलांच्या घरी हा प्रसंग सारखाच गोंधळ उडवतो. दोन्ही तर्क घाईचे आहेत. अर्ज वाचणाऱ्याला काही गोष्टींची अधिक माहिती हवी आहे, एवढेच त्या निमंत्रणावरून खात्रीने म्हणता येते, आणि ती माहिती योग्य माणसाकडून वेळेत पोहोचवणे हे आपल्या हातातले काम आहे.

प्रथम मागणी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. हार्वर्ड, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांसारखी विद्यापीठे पदवी प्रवेशासाठी प्रत्येक अर्जदाराकडून दोन विषयशिक्षकांची पत्रे आणि त्यांशिवाय शाळेच्या समुपदेशकाचा अभिप्राय मागतात. दोनपैकी एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे असावे, असे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) सांगते. ही मागणी सरसकट असल्यामुळे तिच्यात कोणताही संकेत शोधू नये.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत वेगळी आहे. पदवीचे शिक्षण देणाऱ्या त्याच्या नऊही कॅम्पससाठी एकच अर्ज असतो, त्यात आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत उत्तरे लिहायची असतात, एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण प्रवेश ठरवताना पाहिले जात नाहीत आणि शिफारसपत्रे सर्वांकडून मागितली जात नाहीत. यांपैकी बर्कली कॅम्पसने मात्र काही अर्जदारांना नंतर पत्रांसाठी निमंत्रण देण्याची पद्धत सुरू केली. तिच्यावर विद्यापीठात बराच वाद झाला आणि आक्षेपामागचे कारण रास्त होते: ज्या सरकारी शाळेत एका समुपदेशकाकडे शेकडो मुले सोपवलेली असतात, तिथल्या मुलाला महागड्या खासगी शाळेतल्या मुलाइतके सविस्तर पत्र मिळणे कठीण असते. अखेर जुलै 2017 मध्ये विद्यापीठाच्या रीजेंट्स मंडळाने, म्हणजे नियामक मंडळाने, वाढीव छाननीचे, म्हणजे काही अर्जदारांकडून पत्रांसारखी जादा माहिती मागवण्याचे, धोरण मंजूर केले आणि एखाद्या कॅम्पसने अशी छाननी एकूण अर्जदारांपैकी जास्तीत जास्त 15 टक्के जणांपुरतीच करावी, अशी मर्यादा घातली.

निमंत्रणाचा अर्थ या धोरणाच्या मजकुरातूनच सापडतो. जे अर्जदार निवडीच्या काठावर आहेत, पण ज्यांच्या पात्रतेचे चित्र पहिल्या वाचनात अपुरे राहिले किंवा ज्यांच्या परिस्थितीबद्दल आणखी काही जाणून घेणे आवश्यक वाटले, त्यांच्यासाठी ही छाननी आहे. एखाद्या कलेत किंवा खेळात झोकून दिल्यामुळे बाकीच्या उपक्रमांना वेळ न मिळालेला मुलगा, घरच्या मोठ्या अडचणीतून शिकत राहिलेली मुलगी, नववीत घसरलेले आणि पुढे ठळकपणे सावरलेले गुण, शारीरिक अपंगत्व किंवा शिकण्यातली वेगळी गरज, अशा बाबी तिथे नमूद आहेत. म्हणजे अर्ज फेटाळलेला नाही आणि स्वीकारलेलाही नाही. त्याचबरोबर, ज्यांना निमंत्रण आले नाही त्यांचा प्रवेश हुकला असेही मानू नये, कारण ज्यांचा अर्ज पहिल्याच वाचनात भक्कम ठरतो त्यांच्याकडे अधिक काही विचारण्याचे कारण उरत नाही. अशा विद्यार्थ्यांनी आपणहून पत्रे पाठवण्याच्या भानगडीत पडू नये.

निमंत्रण आल्यावर त्याचा मजकूर सावकाश वाचावा आणि किती पत्रे, कोणाची, कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर उतरवून घ्यावे. बर्कली दोनपर्यंत पत्रे स्वीकारते आणि ती पाठवणे ऐच्छिक ठेवते. ऐच्छिक असले तरी, तुम्हाला खरोखर ओळखणारा शिक्षक उपलब्ध असेल तर संधी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर स्वतःचाच अर्ज पुन्हा वाचावा आणि त्यात काय सांगायचे राहून गेले किंवा काय केवळ आपल्या शब्दावर सोडले गेले, ते शोधावे. दहावीनंतर वडिलांच्या आजारपणात दुकान सांभाळल्याचे एका ओळीत लिहिले असेल, तर त्या काळात तुमची हजेरी, अभ्यास आणि वर्गातली वागणूक पाहिलेला शिक्षक हाच योग्य साक्षीदार ठरतो.

आपल्याकडे पत्रासाठी वजनदार नाव शोधण्याची सवय आहे. आमदारांचे लेटरहेड, ओळखीच्या मोठ्या अधिकाऱ्याची सही, संस्थेच्या अध्यक्षांचे पत्र यांसाठी पालक खटपट करतात आणि ती बहुतेक वाया जाते, कारण त्या व्यक्तीने तुम्हाला काम करताना पाहिलेले नसते. अकरावी-बारावीत मुख्य विषय शिकवलेला, शक्यतो जिथे तुम्हाला झगडावे लागले त्या विषयाचा शिक्षक निवडावा. दुसरे पत्र मागितले असेल तर नाट्यशिबिराचे मार्गदर्शक, क्रीडा प्रशिक्षक किंवा जिथे नियमित काम केले तिथले प्रमुख चालू शकतात. नातेवाईक आणि मित्र मात्र नकोत.

शिक्षकांना विचारताना शक्य असेल तर समक्ष भेटावे आणि नकार देण्याची मोकळीक ठेवूनच विचारावे. ‘मॅडम, आपण दोन वर्षे मला रसायनशास्त्र शिकवले आहे. माझ्या कामाबद्दल आपल्याला सविस्तर लिहिता येईल असे वाटत असेल, तर आपण माझ्यासाठी शिफारसपत्र द्याल का? वेळ नसेल तर तसे निःसंकोच सांगा,’ एवढे पुरेसे आहे. होकार मिळाल्यावर एका पानाची टिपणे द्यावीत: निमंत्रणातील सूचना, अंतिम तारीख, तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम आणि त्या शिक्षकांच्या वर्गात घडलेले दोन-तीन प्रसंग. आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रकांची फाइल त्यांच्या हाती देऊ नये. ती माहिती अर्जात आलेलीच असते.

प्रसंग का हवेत, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘ती अत्यंत हुशार, मेहनती आणि शिस्तप्रिय विद्यार्थिनी आहे’ हे वाक्य वर्गातल्या कोणत्याही मुलीबद्दल लिहिता येते. याउलट, ‘टायट्रेशनची तिची तिन्ही रीडिंग्ज इतरांपेक्षा बरीच वेगळी आली, तेव्हा शेजारच्या टेबलावरची उतरवून जर्नल पूर्ण करण्याऐवजी तिने सुट्टीत थांबण्याची परवानगी मागितली, ब्युरेट पुन्हा धुतली आणि मूळ द्रावण बनवतानाच वजन चुकले होते हे शोधून काढले’ असे वाक्य वाचणाऱ्याला त्या मुलीचा प्रामाणिकपणा आणि चिकाटी दोन्ही दाखवते, शिवाय तिला प्रत्यक्ष पाहणाऱ्याने ते लिहिले आहे याची खात्री देते. ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकल कसे उरकले जाते हे माहीत असलेल्या शिक्षकांना अशा प्रसंगाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

इथेच एक कळीचा मुद्दा येतो. शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग सांभाळणारे शिक्षक अनेकदा सांगतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, पण हे करू नये. आपले पत्र आपणच लिहिणे अप्रामाणिक आहे, आणि विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेल्या पत्रात विशेषणे भरमसाट आणि निरीक्षणे नगण्य असतात. त्याऐवजी टिपणे पुढे करून नम्रपणे म्हणावे, ‘सर, आपण तोंडी सांगितलेले चार मुद्देही पुरेत, पण शब्द आपले असू द्या.’ इंग्रजीचा संकोच असेल तर शिक्षकांनी मराठीत लिहावे आणि महाविद्यालयातील इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्याचे भाषांतर करावे. मूळ पत्र आणि भाषांतर एकत्र पाठवता येईल का, हे आधी त्या विद्यापीठाच्या सूचनांत पाहून घ्यावे.

पत्र शिक्षकांनी थेट विद्यापीठाला पाठवायचे असते, त्यामुळे त्यांचा अचूक ईमेल पत्ता द्यावा आणि शक्यतो तो संस्थेचा असावा. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांसाठीच्या सामायिक ऑनलाइन अर्जावर, अर्ज करणाऱ्यांना पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडायचा का, असे विचारले जाते. हा हक्क 1974 च्या अमेरिकी कायद्याने दिलेला आहे आणि तो सोडावा, म्हणजे शिक्षकांनी मोकळेपणाने लिहिले आहे असा वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. त्याच व्यासपीठावर शिक्षकांना विद्यार्थ्याचे गुणांकनही करता येते आणि त्यातला सर्वांत वरचा रकाना कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी राखलेला असतो. तो सर्वांसाठी भरायचा नाही, हे शिक्षकांना ठाऊक असावे. त्याचा आग्रह विद्यार्थ्याने धरू नये.

अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी एकदा, आणि दोन दिवस आधी पुन्हा एकदा, थोडक्यात आठवण करावी. पत्र पाठवण्यासाठी शिक्षकांना ईमेलने आलेली लिंक स्पॅममध्ये गेली असण्याची शक्यता असते, म्हणून फोनही करावा. नाताळच्या सुट्टीत महाविद्यालय बंद असेल तर शिक्षकांचा वैयक्तिक नंबर त्यांच्या परवानगीने आधीच घेऊन ठेवावा. पत्र पोहोचल्याची नोंद विद्यापीठाच्या पोर्टलवर दिसत असेल तर ती पाहावी, मग शिक्षकांना आभाराचे चार शब्द लिहावेत आणि निकाल लागल्यावर, तो कोणताही असो, तो त्यांना स्वतः कळवावा.